दुडकी सरावात, चाल वाटेवर



या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातून आलेले एक पत्र वाचताना मला हसूही आले आणि काळजीही वाटली. कागद एकच होता, पण पत्रे दोन होती. पुढच्या पानावर सुनेचा मजकूर होता, मागच्या पानावर सासऱ्यांचा.

सूनबाई लिहितात : "आमचे अण्णा सत्तर वर्षांचे आहेत. माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि शाळेचे बालवीर पथकही तेच चालवीत. येत्या कार्तिकात नर्मदा परिक्रमेला पायी निघण्याचा त्यांचा निश्चय आहे. त्यासाठी ते रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने पन्नास पावले चालतात, पन्नास पावले धावतात. गेल्या आठवड्यात पोटरी धरली म्हणून अर्ध्या वाटेतून एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवरून घरी आले. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी त्यांना थांबवले तर ते मनाने खचतील आणि थांबवले नाही तर मला रात्रीची झोप लागणार नाही. काय करावे?"

मागच्या पानावर अण्णांची रेखीव अक्षरे होती : "सूनबाईंनी लिहिले ते खरे आहे. मात्र माझा प्रश्न वेगळा आहे. परिक्रमेत दिवेलागणीपूर्वी मुक्कामाला पोहोचावे लागते. माझी चाल मंद झाली आहे. चालण्यात थोडे धावणे मिसळले तर अंतर लवकर उरकेल की नाही, एवढेच सांगावे."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत. म्हणून आजचे सदर या एकाच पत्राला दिले आहे. परिक्रमेला निघणार नाहीत, परंतु पायी वारीला, एखाद्या पदयात्रेला किंवा दिवसभराच्या डोंगरवाटेला जाऊ इच्छितात, अशा सर्वांना ते उपयोगी पडावे.

बालवीराची चाल

चालणे आणि धावणे यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. आळंदीहून पंढरपूरला निघालेला पालखी सोहळा दिवसचे दिवस चालतो. परंतु वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी 'धावा' करतात, रिंगणात अश्वामागे धाव घेतात, आणि पुन्हा संथ चालीला लागतात. घोड्याच्या मंद धावेला आपल्या भाषेत 'दुडकी' असा सुरेख शब्द आहे. 'जॉगिंग'साठी मी येथे तोच वापरणार आहे.

अण्णा जी चाल चालतात ती बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली 'स्काउटिंग फॉर बॉईज' या पुस्तकातून जगभरातील मुलांपुढे ठेवली. थोडी पावले चालावे, थोडी पावले दुडकावे, आणि एक मैल अंतर बारा मिनिटांत काटावे, अशी ती कसोटी होती. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, म्हणजे हा वेग ताशी आठ किलोमीटर झाला. निरोप घेऊन जाणारा मुलगा दमून न पडता पोहोचावा आणि पोहोचल्यावर त्याला निरोप सांगण्याइतका श्वास उरावा, हा त्यामागचा हेतू. कल्पना उत्तम आहे. मात्र ती दहा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, एका मैलासाठी आणि मोकळ्या पाठीने जाण्यासाठी होती. अण्णा ती सत्तराव्या वर्षी, वीस किलोमीटरसाठी आणि पाठीवर पिशवी घेऊन वापरू पाहत आहेत. पोटरीने तक्रार केली ती याच फरकाची.

दोन चाली, दोन यंत्रे

चालणे म्हणजे हळू धावणे नव्हे आणि धावणे म्हणजे जलद चालणे नव्हे. शरीराच्या दृष्टीने या दोन भिन्न क्रिया आहेत.

चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते. टेकलेला पाय जवळजवळ सरळ राहतो आणि त्यावरून आपले धड उलट्या टांगलेल्या लंबकासारखे पुढे झुकते. प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर चढते, मग खाली येते, आणि खाली येतानाची गती पुढच्या पावलाला मिळते. म्हणूनच रमतगमत चालणे इतके स्वस्त पडते. दुडकताना मात्र दोन्ही पावले क्षणभर जमिनीपासून सुटतात. शरीर चेंडूसारखे उसळते; टाचेमागची जाड शीर आणि पोटरीचे स्नायू ताणले जाऊन स्प्रिंगसारखे परत उसळी देतात.

या फरकाचे तीन परिणाम लक्षात ठेवावेत. पहिला : सपाट जमिनीवर आरामात चालताना पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापट भार येतो, दुडकताना तो दुप्पट ते अडीचपट होतो. दुसरा : तेच एक किलोमीटर अंतर दुडकून काटण्यास आरामात चालण्यापेक्षा सुमारे दीडपट किंवा त्याहूनही अधिक शक्ती खर्ची पडते. ताशी सात किलोमीटरच्या आसपास वेग गेला की चालणे अवघडते आणि तेथून पुढे धावणेच सोयीचे होते. परंतु सत्तरीतील माणूस त्या वेगाने सहसा चालत नाही. तिसरा : उसळी देणारी पोटरीच वयाबरोबर लवकर क्षीण होते. तरुणपणी धावणाऱ्याचे गुडघे दुखतात, उतारवयात धावू लागणाऱ्याची बहुधा पोटरी आणि टाच दुखते.

मग दोन्ही मिसळण्याचा लाभ कोणता? अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावले होते. पुढे नवशिक्यांना शिकवताना त्यांनी धावण्यात ठरावीक अंतराने चालण्याचे तुकडे घालण्याची पद्धत रूढ केली. तिचा गाभा असा, की दमल्यावर चालू नये, दमण्यापूर्वीच चालावे. चालण्याचा तुकडा पहिल्या मिनिटापासून ठरलेला असेल तर स्नायूंना वेळोवेळी विसावा मिळतो आणि शेवटच्या टप्प्यात माणूस फरफटत नाही. आपण चालणारी माणसे. आपल्याला हेच सूत्र उलट बाजूने घ्यायचे आहे : चालणे हा मुख्य पदार्थ आणि दुडकी ही चवीपुरती.

वेळेचा हिशेब

अण्णा, आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपण शिक्षक आहात, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच बसू.

वीस किलोमीटरचा टप्पा आहे आणि आपला चालण्याचा वेग ताशी साडेचार किलोमीटर आहे असे समजू. न थांबता चालल्यास चार तास सत्तावीस मिनिटे लागतील. आता दर पाच मिनिटांपैकी चार मिनिटे चाललात आणि एक मिनिट ताशी सात किलोमीटर वेगाने दुडकलात, तर सरासरी ताशी पाच किलोमीटर पडते आणि तेच अंतर चार तासांत संपते. सत्तावीस मिनिटे वाचली. मात्र त्यासाठी दिवसभरात अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे साडेपाच किलोमीटरहून अधिक अंतर, दुडकावे लागले. ही साडेसात हजारांच्या आसपास उसळती पावले झाली, आणि प्रत्येक पाऊल दुप्पट भाराचे. एक दिवस हे निभेल. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही तीरांनी चालायचे तर सव्वीसशे किलोमीटरांहून अधिक वाट होते. रोज वीस किलोमीटर धरले तरी चार महिन्यांहून जास्त दिवस. इतके दिवस रोज ती पावले सत्तरीच्या पोटरीला झेपणार नाहीत.

आता दुसरा हिशेब करू. लांब चालणाऱ्यांचा वेळ चालीत कमी आणि थांबण्यात जास्त जातो, असा माझा अनुभव आहे. झाड दिसले की बसणे, चहा दिसला की बसणे, बूट काढणे, बूट घालणे. असे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा थांबे झाले की दीड तास गेला. त्याऐवजी दर तासाने सात मिनिटांचे तीन थांबे आणि मध्ये एक वीस मिनिटांचा थांबा घेतला तर एकूण एकेचाळीस मिनिटे होतात. एकोणपन्नास मिनिटे वाचली आणि एकही पाऊल धावावे लागले नाही. शिवाय पंधरा मिनिटे बसून उठताना सांधे आखडतात, तेही टळते.

आणि तिसरा हिशेब. आज आपली सहज चाल ताशी चार किलोमीटर असेल आणि पाच महिन्यांच्या सरावाने ती साडेचार झाली, तर वीस किलोमीटरमागे तेहतीस मिनिटे वाचतात. हा लाभ रोज मिळतो आणि पोटरीवर कर्ज चढत नाही.

म्हणून माझे उत्तर असे : चालण्यात दुडकी मिसळल्याने अंतर लवकर उरकते, हे खरे; पण तिची खरी कमाई वाटेवर नसून सरावात आहे. घराजवळच्या मैदानावर आठवड्यातून दोनदा थोडे दुडकणाऱ्या माणसाचे हृदय आणि पाय अधिक ताकदीचे होतात. मग नेहमीचे चालणे त्याला हलके वाटू लागते आणि वेग आपोआप वाढतो. दुडकी सरावात ठेवावी. वाटेवर चाल ठेवावी.

दुडकीआधीची पायरी

ज्यांना दुडकणे मानवणार नाही, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठात प्रौढ व वृद्धांसाठी एक सोपी पद्धत तपासली गेली. तीन मिनिटे जलद चालणे, तीन मिनिटे सावकाश चालणे, अशी किमान पाच आवर्तने, आठवड्यातून किमान चार दिवस. सहभागी व्यक्तींचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पाच महिन्यांनंतरचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एकाच मध्यम गतीने चालणाऱ्यांपेक्षा या मंडळींच्या मांड्यांची ताकद आणि दमश्वास अधिक सुधारला होता, रक्तदाबही अधिक उतरला होता. यात धावणे अजिबात नव्हते.

याचा अर्थ, लाभ धावण्यात नसून वेग पालटण्यात आहे. अनेकांसाठी 'जलद चाल' हीच त्यांची दुडकी होय.

जलद म्हणजे किती? घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा बोलण्याची कसोटी विश्वासार्ह आहे. सावकाश चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. जलद चालताना तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग योग्य. एक शब्दही निघत नसेल तर वेग जास्त झाला. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल या गटातील गोळी चालू असल्यास नाडी औषधानेच संथ राहते. अशांनी तर आकड्यावर मुळीच विसंबू नये.

कोणी दुडकू नये

छातीत दडपण येणारे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा हृदयात स्टेंट बसवलेले, ठोके अनियमित असणारे, रक्तदाब आटोक्यात नसणारे, हाडे ठिसूळ झालेले, वारंवार तोल जाऊन पडणारे, आणि गुडघ्याची झीज होऊन जिना उतरताना दुखणारे, यांनी आपल्या डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीविना दुडकू नये. बाकीच्यांनीही सुरुवातीपूर्वी रक्तदाब तपासून घ्यावा, ईसीजी काढावा आणि डॉक्टरांनी सुचवल्यास ट्रेडमिल चाचणी करावी.

त्यानंतर घरी चार परीक्षा द्याव्यात. एक : हात छातीशी घेऊन खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषांना किमान बारा आणि स्त्रियांना किमान दहा वेळा जमावे. दोन : भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद तोल सावरता यावा. तीन : भिंतीला हात टेकून टाचा वीस वेळा उचलता याव्यात, पोटरीत कळ न येता. चार : दहा किलोमीटर चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदुखीने अडखळावे लागू नये. चारांपैकी एकही परीक्षा नापास असेल तर दुडकी पुढे ढकलावी आणि आधी ती परीक्षा पास व्हावी.

बारा आठवड्यांचा पाठ

पहिले चार आठवडे केवळ चालावे. आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटांपासून पंचेचाळीस मिनिटांपर्यंत. सोबत एक दिवसाआड खुर्चीतून उठबस आणि टाचा उचलणे, प्रत्येकी दहाच्या दोन फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. एवढ्याने ते साधते.

पुढचे चार आठवडे तीन मिनिटे जलद, तीन मिनिटे सावकाश अशी पाच आवर्तने, आठवड्यातून चार दिवस. आणखी एक दिवस लांब चाल, आठ किलोमीटरपासून बारापर्यंत.

शेवटचे चार आठवडे, परीक्षा पास झालेल्यांसाठीच, दुडकीचे. आठवड्यातून दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचे अंतर. आरंभी दहा मिनिटे चालून अंग गरम करावे. मग तीस सेकंद दुडकी आणि साडेचार मिनिटे चाल, अशी चार आवर्तने. दर आठवड्याला दुडकी दहा सेकंदांनी वाढवावी. एक मिनिटावर थांबावे. पावले लहान ठेवावीत, जमिनीपासून फार उचलू नयेत, टाच आपटू नये. पाहणाऱ्याला वाटावे की ही व्यक्ती किंचित घाईत आहे, इतकेच. आठवड्याची लांब चाल बारावरून सोळा किलोमीटरवर न्यावी आणि तीच पिशवी पाठीवर घेऊन करावी. त्या दिवशी मात्र दुडकी वर्ज्य.

पाच महिन्यांपैकी उरलेल्या काळात लागोपाठ दोन दिवस लांब चालण्याचा सराव करावा. परिक्रमेत कसोटी लागते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. सध्या पाऊस आहे. कालव्याचा निसरडा काठ सोडून शाळेच्या मैदानावर किंवा कोरड्या रस्त्यावर यावे.

वाटेवर गेल्यावर

पाठीवर पिशवी असताना दुडकू नये. ती पाठीवर उसळते, तोल ढळवते आणि गुडघ्यांवरचा भार वाढवते. चढावर सर्वांनीच चालावे. डोंगरवाटांवर शर्यत धावणारे कसलेले लोकही तीव्र चढ चालतच चढतात. उतारावर दुडकण्याचा मोह फार होतो, कारण दम लागत नाही. पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते यामुळेच. मातीची सपाट, मोकळी, दगड नसलेली वाट असेल, पिशवी सोबत्याच्या गाडीत असेल, ऊन चढलेले नसेल आणि पाय ताजे असतील, तरच एखाद-दुसरे मिनिट दुडकावे. डांबरी रस्त्याच्या कडेने वाहनांच्या शेजारून कधीही नाही.

दिवेलागणीपूर्वी पोहोचायचे असेल तर उजाडताच निघावे. दहा मिनिटे दुडकून फार तर पाच-सहा मिनिटे वाचतात. अर्धा तास आधी निघाल्यास पूर्ण अर्धा तास मिळतो. आणि तरीही वेळ हुकेलसे दिसले तर अलीकडच्या गावात थांबावे. त्यात कमीपणा नाही.

मधुमेहींनी खिशात साखर किंवा खडीसाखर ठेवावी; इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असताना लांब चालल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर थांबून आधी साखर खावी. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड कळत नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असल्यास उन्हाच्या दिवसांत पाणी व मीठ यांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अवाजवी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, ठोक्यांची लय चुकल्याची जाणीव यांपैकी काहीही झाले तर चालणेही थांबवावे आणि मदत मागावी. 'थोडे बसलो की बरे वाटेल' या वाक्याने फार घात केला आहे.

माझी पोटरी

हे सर्व मी उपदेशाच्या उंच आसनावरून सांगत नाही. मी स्वतः आयुष्यभर फिजिओथेरपी केली, आणि चौसष्टाव्या वर्षी पुण्याजवळची एक टेकडी उतरताना शेवटची बस चुकू नये म्हणून धावलो. सराव नव्हता, पाय दमलेले होते, उतार होता. मागून कोणीतरी पोटरीवर दगड मारला असे वाटून मी वळून पाहिले. मागे कोणीही नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता. असंख्य रुग्णांकडून हेच वर्णन ऐकूनही मी वळून पाहिले, हे विशेष!

सहा आठवडे मी काठी घेऊन वावरलो. त्या काळात पत्नीची कंबर दुखत होती. तरीही पाण्याची बादली तिने उचलली, बाजार तिने केला, रात्री मला आधार देऊन उठवले तेही तिनेच. बस मला मिळाली नव्हतीच. मिळाली असती तर वीस मिनिटे वाचली असती. उतारवयातील दुखापत एकट्याची नसते; तिची किंमत घरातील दुसरे कोणीतरी चुकवते. ही गोष्ट मला शास्त्राने नव्हे, त्या बादलीने शिकवली.

अण्णांच्या पोटरीविषयी एक सूचना : पहिले दोन दिवस मालिश करू नये. कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, क्रेप बँडेज आणि पाय उंचावर ठेवून विश्रांती पुरे. एकच पाय सुजून लाल व गरम झाला असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुखणे पूर्ण थांबून टाचा उचलण्याची परीक्षा पास होईपर्यंत दुडकी बंद.

सूनबाईंना

आपण विचारले आहे, थांबवावे की नाही. थांबवू नये, आणि एकटेही सोडू नये. सत्तरीत माणसाला आपल्या मनाने एखादे मोठे काम ठरवता येणे हेच आरोग्याचे लक्षण आहे. घरातील माणसांनी 'नको, पडाल' एवढेच म्हणत राहिले तर वृद्ध माणूस चालणे सोडत नाही, सांगणे सोडतो. पहाटे कोणत्या रस्त्याने गेले, कोठे दुखले, हे मग घरात कळत नाही. अण्णा दूधवाल्याच्या मागे बसून आले आणि त्यांनी ते घरी सांगितले, ही आपल्या घराची पुण्याई समजा.

त्यापेक्षा तीन गोष्टींचा करार करावा. सरावाचा रस्ता आणि परतण्याची वेळ सांगून जायची. खिशात फोन आणि नाव, औषधे, घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. वर सांगितलेल्या खुणांपैकी काही जाणवले तर ते त्याच दिवशी बोलायचे, आणि बोलल्याबद्दल घरात कोणी रागवायचे नाही. हे तिसरे कलम दोन्ही पक्षांवर सारखेच बंधनकारक आहे. जमले तर आठवड्याच्या लांब चालीला आपणही सोबत जावे. सासऱ्यांची चाल आणि श्वास स्वतः पाहिल्यावर निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी उपयोगाची ठरते.

अण्णांना

एम्मा गेटवुड नावाच्या अमेरिकन आजीबाई १९५४ साली ॲपलाशियन ट्रेल या डोंगरवाटेला एकट्या निघाल्या आणि वाट चुकून, चष्मा फुटून परत आल्या. पुढच्या वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या दुसऱ्या टोकाकडून पुन्हा निघाल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पायांत साधे कापडी बूट. सुमारे ३,३०० किलोमीटरची ती वाट त्यांनी १४६ दिवसांत पुरी केली. दिवसाची सरासरी काढलीत तर साडेबावीस किलोमीटरच्या आसपास येईल. वेग म्हणून हा आकडा साधाच आहे. तो १४६ दिवस टिकला, हे असाधारण आहे.

तेव्हा अण्णा, बालवीरांना आपण शिकवलेली चाल विसरू नका. ती मैदानावर, कोरड्या दिवशी, मोकळ्या पाठीने, आठवड्यातून दोनदा, तीस-तीस सेकंद जपा. वाटेवर मात्र पहाटे निघा, थांबे मोजून घ्या, चढ-उतार चालत पार करा. त्या निरोप्या मुलाची गोष्ट आपणच वर्गात सांगितली असेल : पोहोचल्यावर निरोप सांगण्याइतका श्वास शिल्लक राहिला पाहिजे. परिक्रमेहून परतल्यावर आपल्याला बरेच काही सांगायचे असेल, आणि ऐकायला सूनबाई दारात उभ्या असतील.

बारा आठवड्यांनी चारही परीक्षांचे गुण कळवावेत. पेपर सूनबाईंनी तपासावेत.